आयटीआयसाठी कोलिब्री: नेट नसताना चालणारा डिजिटल वर्ग, पण धडे आपले हवेत

निकाल आधीच सांगतो. ज्या आयटीआयत नेटचा भरवसा नाही आणि लाईटचाही नाही, तिथे कोलिब्री हे सॉफ्टवेअर रास्पबेरी पाय (हातात मावणारा छोटा कॉम्प्युटर) किंवा जुन्या कॉम्प्युटरवर बसवून थिअरीचा वर्ग चालवणं हा आज परवडणारा सगळ्यात टिकाऊ मार्ग आहे. अट एकच आहे आणि ती मोठी आहे. त्यात घालायचे धडे संस्थेने आपल्याच वर्कशॉपमध्ये, आपल्याच पॅनेल बोर्डावर, आपल्या निदेशकांच्या, म्हणजे शिकवणाऱ्यांच्या, आवाजात तयार करायला हवेत. एवढी तयारी नसेल तर हा डबा घेऊ नका, कारण रिकाम्या कोलिब्रीत आपल्या ट्रेडचं मराठीतलं फारसं काहीच मिळत नाही.

कोलिब्री हे लर्निंग इक्वॅलिटी या अमेरिकेतल्या ना-नफा संस्थेचं मोफत, मुक्त स्रोत सॉफ्टवेअर आहे. एका यंत्रावर ते बसवायचं, त्याला वायफाय राउटर जोडायचा आणि वर्गातल्या मोबाइलवर क्रोममध्ये उघडायचं. बाहेरचं इंटरनेट लागत नाही. बटणं आणि सूचना मराठीत करता येतात. वर्ग, गट, धडे, चाचण्या आणि कोणाचं काय चुकलं याची नोंद, सगळं त्याच यंत्रात राहतं. धारणी-चिखलदऱ्याकडे किंवा एटापल्ली-भामरागडकडे रेंजची काय गत आहे ते तिकडच्या माणसाला सांगायला नको. पण यवतमाळ-वाशीमच्या तालुक्याच्या ठिकाणीही रस्त्याच्या खोदकामात केबल तुटली की आठवडा जातो. अशा जागी "ऑनलाइन बघून घ्या" हे शिकवणं होत नाही.

पाय घ्यायचा की जुना कॉम्प्युटर?

सुरुवात जुन्या कॉम्प्युटरने करा. कोपा (कॉम्प्युटर ऑपरेटर) ट्रेडच्या लॅबमध्ये ४ जीबी रॅमचा एखादा विंडोज कॉम्प्युटर बाजूला पडलेला असतोच. त्यावर कोलिब्रीचा इन्स्टॉलर चालवला की काम सुरू होतं, खर्च शून्य. तीन गोष्टी तेवढ्या पाहाव्या लागतात: विंडोजच्या फायरवॉलमध्ये कोलिब्रीला परवानगी दिलेली असावी, स्लीप बंद असावं आणि कॉम्प्युटर राउटरला लॅन केबलने जोडलेला असावा. फायरवॉल विसरली तर त्या कॉम्प्युटरवर सगळं दिसतं आणि एकाही मोबाइलवर उघडत नाही. इथेच बऱ्याच जणांना वाटतं की सॉफ्टवेअर बिघडलं.

दोन-तीन महिने हे नेमाने वापरलं गेलं तरच रास्पबेरी पायकडे वळा. पायचा खरा फायदा वीज कमी खाण्यात आहे. पाय ४, त्यावर एसएसडी (फाइल साठवायचा ड्राइव्ह) आणि शेजारचा राउटर मिळून साधारण १४-१५ वॅट. संस्थेचा इन्व्हर्टर हा भार सहज ओढतो, तर जुना कॉम्प्युटर आणि मॉनिटर त्याच इन्व्हर्टरची बॅटरी लवकर उतरवतात. संस्थेत इन्व्हर्टर नसेल तर १२ व्होल्ट ७ अँपिअर-अवरची सीलबंद बॅटरी पुरते. ती ८४ वॉट-अवरची असते. निम्मीच वापरायची असं धरलं तरी पावणेतीन तास वर्ग चालतो आणि बॅटरीचं आयुष्यही टिकतं.

पाय ४ चा ४ जीबीचा नमुना एका युनिटसाठी, म्हणजे तुकडीसाठी, पुरेसा आहे. इलेक्ट्रिशियन, फिटर, वेल्डरचं युनिट २० चं, कोपाचं २४ चं. एवढ्या मोबाइलना तो झेपतो. पण पायच्या अंगच्या वायफायवर हे सगळे चढवू नका. तो हॉटस्पॉट थोड्याच जोडण्यांसाठी आहे. पुढचे मोबाइल फिरत राहतात किंवा आधीचे सुटतात. साधा वेगळा राउटर घ्या आणि पाय त्याला केबलने जोडा. राउटरच्या सेटिंगमध्ये पायला एक पक्का पत्ता बांधून द्या, नाहीतर लाईट जाऊन आली की पत्ता बदलतो आणि भिंतीवर लावलेला क्यूआर कोड निकामी होतो. राउटरच्या गेस्ट नेटवर्कवर मोबाइल जोडू नका. त्यातून आतल्या यंत्रापर्यंत पोचता येत नाही, ते मुद्दाम तसंच केलेलं असतं.

मेमरी कार्डावर सगळं ठेवणं ही या जोडणीतली सर्वांत कच्ची कडी आहे. लिहिणं चालू असताना लाईट गेली की कार्डावरची फाइल अर्धवट राहते, आणि एक दिवस पाय सुरूच होत नाही. पाय ४ यूएसबीवरच्या एसएसडीवरून थेट सुरू करता येतो. २४० जीबीची एसएसडी लावा आणि कार्ड काढून टाका. तरीही आठवड्यातून एकदा कोलिब्रीच्या फोल्डरची प्रत दुसऱ्या ड्राइव्हवर घ्यायचीच. व्हिडिओ परत मिळवता येतात, वर्षभराच्या नोंदी परत मिळत नाहीत.

वीजपुरवठ्यात आणखी एक फसवी गोष्ट आहे. पाय ४ ला ५ व्होल्ट ३ अँपिअर लागतात. मोबाइलचा चार्जर आणि दोन मीटरची बारीक केबल वापरली की केबलमध्येच व्होल्टेज पडतं. पाय बंद पडत नाही, पण हळू होतो आणि एसएसडी मधूनच सुटते. निदान सोपं आहे: पायच्या कमांड खिडकीत थ्रॉटलची, म्हणजे वेग उतरवल्याची, स्थिती विचारायची. उत्तर ०एक्स० आलं तर ठीक. ०एक्स५०००० आलं तर यंत्र सुरू झाल्यापासून कधीतरी व्होल्टेज पडलं होतं आणि वेगही उतरला होता. रास्पबेरी पायचाच मूळ अडॅप्टर घ्या, त्याची केबल जाड असते.

पाय ५ घ्यावा का? त्याला चालू-बंदचं बटण आहे आणि आत घड्याळाची सोय आहे, फक्त त्याची बॅटरी वेगळी घ्यावी लागते. या दोन्ही गोष्टी आपल्या कामाच्या आहेत. पण त्याला ५ व्होल्ट ५ अँपिअरचा अडॅप्टर लागतो. ३ अँपिअरच्या अडॅप्टरवर तो यूएसबीला मोजकाच करंट सोडतो आणि एसएसडी अडते. अडॅप्टरसकट किंमत बसत असेल तर पाय ५ घ्या, नाहीतर पाय ४ वर समाधान मानायला हरकत नाही.

ऊन, धूळ आणि घड्याळ

ऑगस्टमध्ये सुरू झालेलं सत्र एप्रिल-मेमध्ये ऐन भरात असतं, कारण परीक्षा पुढे उभी असते. नेमकं तेव्हाच चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे पारा ४५ च्या वर असतो. पायची चिप ८० अंशांना पोचली की तो स्वतःचा वेग कमी करतो. प्लास्टिकच्या डबीत, पत्र्याच्या छपराखाली, बंद कपाटात ठेवलेला पाय दुपारी हमखास तिथवर जातो. उपाय म्हणून लोक पंख्याची डबी घेतात. वर्कशॉपमध्ये ते चुकीचं आहे. पंखा ग्राइंडरची धूळ आत ओढतो आणि ती धूळ लोखंडाची असते, म्हणजे वीजवाहक. बिनपंख्याची अ‍ॅल्युमिनियमची डबी घ्या, तिचं अंगच उष्णता बाहेर टाकतं. धातूच्या डबीने वायफाय दबतं, पण आपण पाय केबलने जोडलेला असल्यामुळे त्याची फिकीर नाही. डबी थिअरी रूममध्ये, भिंतीवर, डोक्याच्या उंचीला, मागे दोन बोटं हवा सोडून लावा. वर्कशॉपमध्ये लावू नका.

घड्याळाची अडचण फार थोड्यांच्या लक्षात येते. पाय ४ मध्ये बॅटरीवर चालणारं घड्याळ नाही. तो वेळ इंटरनेटवरून घेतो, आणि आपल्याकडे इंटरनेट नाही. लाईट गेली की तो शेवटी नोंदवलेल्या वेळेपासून पुढे मोजू लागतो. रोज असं होत गेलं की महिनाभरात तारीख कितीतरी मागे पडते. मग सोमवारी घेतलेली चाचणी गेल्या आठवड्याची म्हणून नोंदली जाते आणि अहवालाचा उपयोग संपतो. डीएस३२३१ हे छोटं घड्याळ-मॉड्यूल लावा. ते ३.३ व्होल्टवरच जोडा. निळ्या पट्टीच्या मॉड्यूलवर सेल चार्ज करणारा भाग असतो, आणि ५ व्होल्ट दिले तर चार्ज न होणारा साधा सीआर२०३२ सेल फुगू शकतो. पाय नीट बंद करण्यासाठी बटण बसवणार असाल तर जीपीआयओ ३ ही पिन टाळा. बटणासाठी बहुतेक ठिकाणी तीच सुचवलेली असते, पण घड्याळालाही तीच लागते.

मोबाइल जोडताना काय अडतं

मोबाइल राउटरला जोडला की अँड्रॉइड तपासतो, इंटरनेट आहे का. नाही म्हटल्यावर "या नेटवर्कला इंटरनेट नाही" अशी सूचना देतो आणि गपचूप मोबाइल डेटाकडे वळतो. मग पान उघडत नाही. मुलं म्हणतात, "सर, वायफाय तर फुल दाखवते!" उपाय दोन: त्या सूचनेवर "जोडलेले राहा" दाबायचं किंवा वर्गापुरता मोबाइल डेटा बंद करायचा. दुसरा सोपा आणि खात्रीचा. हे पहिल्याच तासाला सगळ्यांकडून करून घ्या.

पत्ता हाताने टाइप करायला सांगू नका. क्रोम सुरक्षित पत्ता समजून भलतीकडे जातो, शेवटचा ८०८० हा पोर्ट मुलं गाळतात. पूर्ण पत्त्याचा क्यूआर कोड छापून, लॅमिनेट करून दाराजवळ लावा.

नावनोंदणी सीएसव्ही फाइलने (तक्त्याची साधी मजकूर-फाइल) एकदम होते. एक्सेलमधून साधी सीएसव्ही साठवली तर देवनागरी नावांची प्रश्नचिन्हं होतात. "सीएसव्ही यूटीएफ-८" हा प्रकार निवडा. लॉगिनचं नाव इंग्रजी अक्षरांत ठेवा आणि त्यात ट्रेड, वर्ष, रोल नंबर गुंफा. प्रशिक्षणार्थ्यांसाठी पासवर्ड न ठेवण्याची सोय आहे आणि सरावाला ती बरी. पण चाचणीला पासवर्ड हवाच, नाहीतर एकाच्या नावाने दुसरा उत्तरं देतो आणि निदेशकाला खोटं चित्र दिसतं.

सगळ्यांकडे मोबाइल असतो हे गृहीत धरू नका. बऱ्याच घरांत एकच मोबाइल असतो आणि तो बापाबरोबर वावरात गेलेला असतो. मुलींच्या बाबतीत तर हे फार दिसतं. चार-पाच टॅब संस्थेचे ठेवा किंवा चाचणी कोपाच्या लॅबमध्ये घ्या. अखिल भारतीय परीक्षेची थिअरी आता कॉम्प्युटरवर होते, तेव्हा पडद्यावर प्रश्न सोडवायचा हात तिथेच बसतो.

धडा कसा असावा: स्टार-डेल्टा स्टार्टर

इथे थोडं थांबतो, कारण सगळा फरक इथे पडतो. धडे कोलिब्री स्टुडिओ या संकेतस्थळावर तयार होतात आणि ते मोफत आहे. एमपी४ व्हिडिओ, पीडीएफ, आवाजाच्या फाइल आणि प्रश्नसंच टाकता येतात. प्रश्नात फोटो घालता येतो, इशारा लिहिता येतो.

स्टार-डेल्टा घ्या, म्हणजे मोटार आधी कमी करंटच्या स्टार जोडणीत सुरू करून मग डेल्टात नेणारा स्टार्टर. आपल्याकडे पंपाच्या मोटारी जळतात त्यातल्या कितीतरी चुकीच्या सेटिंगमुळे जळतात, आणि ती सेटिंग करणारा बहुधा आयटीआयचाच पोरगा असतो. या विषयाचा एक लांब व्हिडिओ करू नका, तीन छोटे करा. पहिला पॉवर सर्किटचा, दुसरा कंट्रोल सर्किटचा, तिसरा बिघाडांचा, प्रत्येकी चार मिनिटांच्या आत. मोबाइल बोर्डाच्या अगदी समोर क्लॅम्पला लावा, खोलीतला पंखा बंद करा, कॉलरचा वायरचा माइक वापरा. चित्रीकरणाची सुरुवात पुरवठा बंद करून टेस्ट लॅम्पने खात्री करण्यापासून करा, म्हणजे ती सवय न सांगता लागते. पॉवरच्या वायरी लाल-पिवळ्या-निळ्या ठेवा आणि कंट्रोलसाठी त्याहून वेगळा एकच रंग ठेवा. पाच इंचाच्या पडद्यावर रंग वेगळा नसेल तर काहीच उमगत नाही. टर्मिनलचे आकडे जवळून दाखवा: ओव्हरलोडचे (जास्त करंटला मोटार बंद करणारा रिले) ९५-९६, होल्डिंगचे १३-१४, इंटरलॉकचे (दोन काँटॅक्टर एकदम लागू न देणारी सोय) २१-२२, टायमरचे १५-१६-१८. मुलगा बोर्डासमोर उभा राहिला की तेच आकडे शोधतो.

बिघाडांच्या व्हिडिओत एक गोष्ट आवर्जून घ्या. डेल्टात वाइंडिंगच्या टोकांची नेमकी जोडी यू१-व्ही२, व्ही१-डब्ल्यू२, डब्ल्यू१-यू२ अशी आहे. ती यू१-डब्ल्यू२, व्ही१-यू२, डब्ल्यू१-व्ही२ अशी केली तरी मोटार त्याच दिशेने फिरते, त्यामुळे सगळ्यांना वाटतं जमलं. पण स्टारवरून डेल्टावर जाताना करंटचा झटका खूप मोठा बसतो आणि कधीमधी ब्रेकर पडतो. मग दोष टायमरवर ढकलला जातो. फळ्यावर हे कितीही समजावलं तरी मनात ठसत नाही. क्लॅम्प मीटर लावून दोन्ही जोड्यांचा झटका शेजारी-शेजारी दाखवला की ठसतं. पीक पकडणारा मीटर असेल तर उत्तम. साध्या मीटरवर हा क्षण निसटतो.

टायमरची वेळ लवकर ठेवली की मोटार वेग घेण्याआधीच डेल्टात जाते आणि झटका बसतो. उशिरा ठेवली की भाराखाली स्टारमध्ये रेटत राहते आणि तापते, कारण स्टारमध्ये टॉर्क एक-तृतीयांशच असतो. हे दोन्ही एकाच मोटारीवर दाखवा.

आता प्रश्न. "स्टार-डेल्टा म्हणजे काय" असले प्रश्न टाकून जागा वाया घालवू नका. चुकीची उत्तरं खऱ्या चुकांमधून घ्या. स्टार काँटॅक्टरचा २१-२२ हा एनसी (एरवी जोडलेला राहणारा) काँटॅक्ट डेल्टाच्या कॉइलशी सिरीजमध्ये नसेल तर काय होईल? पर्याय: मोटार उलटी फिरेल, टायमर चालणार नाही, तिन्ही फेज शॉर्ट होऊ शकतील, ओव्हरलोड आधी पडेल. बरोबर तिसरा, पण मुलं पहिल्या आणि चौथ्या पर्यायाकडे जातात, म्हणजे इंटरलॉक कशासाठी आहे हेच समजलेलं नाही.

आकड्याचा एक प्रश्न हवाच. १० एचपीच्या मोटारीवर पूर्ण भाराचा लाइन करंट १५ अँपिअर आहे आणि ओव्हरलोड रिले वाइंडिंगच्या फेजमध्ये बसवला आहे, तर तो कितीला सेट कराल? डेल्टात फेजचा करंट लाइनच्या ०.५८ पट असतो, म्हणून १५ ला ०.५८ ने गुणा, ८.७ अँपिअर. मोटारीच्या पाटीवरचा आकडा पाहून थेट १५ ला सेट करणं ही गावोगावची चूक आहे. त्या सेटिंगवर वाइंडिंग जळून जातं तरी रिले पडत नाही. प्रश्नातच लिहा की उत्तर इंग्रजी अंकांत, दशांशानंतर एक अंक, नाहीतर बरोबर गणित केलेला मुलगाही चूक ठरतो.

सरावसंचात किती उत्तरं बरोबर आली म्हणजे पुरे, हे स्टुडिओत ठरवता येतं. पाचपैकी तीन ही मात्रा बाकी विषयांना चालेल. अर्थिंग, आयसोलेशन, मेगर (इन्सुलेशन तपासणारा मीटर) यांसारख्या सुरक्षेच्या विषयांत सगळे बरोबर आल्याशिवाय पुढे जाऊ देऊ नका. आणि एका संचात पाच-सहाच प्रश्न ठेवले तर मुलं पर्याय पाठ करतात. किमान १५ ठेवा.

व्हिडिओ टाकण्याआधी हँडब्रेक या मोफत सॉफ्टवेअरमधून "फास्ट ४८०पी३०" या सेटिंगने लहान करा आणि "वेब ऑप्टिमाइझ्ड" वर खूण करा. हे टाळलं की वर्ग अडतो. हिशोब असा: ६०० केबीपीएसचं चित्र आणि ६४ चा आवाज मिळून दहा मिनिटांचा व्हिडिओ साधारण ५० एमबीचा होतो, २० मोबाइलनी एकदम लावला तर राउटरवर १३-१४ एमबीपीएसचा भार येतो आणि साधा राउटर तो पेलतो. मोबाइलने काढलेला मूळ व्हिडिओ, समजा ४ एमबीपीएसचा असला, तर तोच भार ८० एमबीपीएसवर जातो आणि सगळ्यांचं चक्र फिरत राहतं.

कोलिब्रीची सगळ्यात मोठी उणीवही इथेच आहे. निदेशकाला वर्गात बसून नवा प्रश्न घालता येत नाही. प्रश्न स्टुडिओत, म्हणजे ऑनलाइनच घालावा लागतो. वाट अशी: जिथे नेट मिळतं तिथे स्टुडिओत धडा पूर्ण करून प्रकाशित करा, मिळालेल्या टोकनने (त्या धड्याचा कोड) तो लॅपटॉपवरच्या कोलिब्रीत उतरवा, तिथून पेनड्राइव्हवर काढा, आणि संस्थेच्या यंत्रात पेनड्राइव्हवरून घाला. धडा दुरुस्त करताना जुना पुसून नवा टाकू नका, त्याच धड्यातली फाइल बदला. पुसला की यंत्राच्या दृष्टीने तो वेगळा धडा होतो आणि मुलांची आधीची प्रगती त्याला जोडली जात नाही. स्टुडिओच्या खात्यात सुरुवातीला जागाही थोडीच, ५०० एमबी, मिळते. वाढवून मागावी लागते.

भाषेचं म्हणाल तर पडदा मराठी असला तरी आवाज आपल्या हातात आहे. वऱ्हाडात वऱ्हाडीतून, भंडारा-गोंदियाकडे झाडीबोलीतून बोला. मेळघाटात कोरकूतून समजावणारा एखादा माजी विद्यार्थी मिळाला तर त्याचाच व्हिडिओ करा. "वायर ढिल्ली राहिली तं टर्मिनल तापते" हे वाक्य पुस्तकी मराठीत सांगायची गरजच नाही. टर्मिनल आणि आकड्यांची नावं मात्र पेपरात येतात तशीच ठेवा.

अहवाल, ज्यासाठी हे सगळं करायचं

निदेशकाच्या खात्यात कोणी धडा पाहिला, कोण अडलं आणि कोणत्या प्रश्नावर जास्त जण चुकले ते दिसतं. "अवघड प्रश्न" हा भाग सकाळी प्रॅक्टिकलच्या आधी पाहायचा. २० पैकी १४ जण ओव्हरलोडच्या सेटिंगवर चुकले असतील तर प्रॅक्टिकल थांबवून तेवढाच मुद्दा बोर्डावर पुन्हा घ्या. तिघेच चुकले असतील तर त्यांचा गट करून त्यांना तो एक व्हिडिओ आणि पाच प्रश्न द्या, बाकीचे बोर्डावर जाऊ द्या. ४१५ व्होल्टच्या पॅनेलला हात लावण्याआधी कोणाला काय कळलेलं नाही हे समजणं, यासाठीच हा सगळा खटाटोप योग्य आहे. वहीतल्या आकृतीवरून ते समजत नाही, कारण आकृती शेजाऱ्याची उतरवलेली असते.

वर्कशॉपमध्ये मात्र मोबाइल बंद. चालू बोर्डासमोर एका हातात मोबाइल धरून वायरिंग तपासणारा मुलगा दिसला की लगेच थांबवा. बोर्डाजवळ आकृतीची छापील प्रत लावा.

बाकीच्या सोयींच्या तुलनेत

डीजीटीच्या (केंद्राचं प्रशिक्षण महासंचालनालय) भारत स्किल्स संकेतस्थळावर अभ्यासक्रम, प्रश्नपेढी आणि व्हिडिओ आहेत, आणि चेन्नईच्या निमी संस्थेची ट्रेड थिअरी व ट्रेड प्रॅक्टिकलची पुस्तकं तर रोजच्या वापरातली. धड्यांचा क्रम तिथूनच घ्या आणि प्रत्येक धड्यावर निमीच्या पुस्तकाचा एक्सरसाइज नंबर लिहा, म्हणजे जर्नल आणि डबा एकमेकांना धरून राहतात. पण संकेतस्थळाची सोय नेट असणाऱ्याची आहे, आणि कोण अडलं ते निदेशकाला त्यातून कळत नाही. कोपासाठी आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलमध्ये लिब्रेऑफिससारखे विषय मराठी आवाजात आहेत. त्यांचा परवाना खुला असल्यामुळे श्रेय देऊन डब्यात घालता येतात. बेसिक इलेक्ट्रिसिटीसाठी फेट या मोफत सिम्युलेशन-संग्रहातलं डीसी सर्किटचं सिम्युलेशन कोलिब्रीत ऑफलाइन चालतं आणि फ्यूज उडवून पाहण्यापर्यंत सगळं त्यात करता येतं. मोबाइल आडवा धरायला सांगा, उभ्या पडद्यावर त्याचे तुकडे बोटात येत नाहीत. यूट्यूबवरचे दुसऱ्यांचे व्हिडिओ उतरवून घालणं टाळा, ते आपले नाहीत.

मूडल हे वर्ग चालवायचं दुसरं सॉफ्टवेअर यापेक्षा ताकदीचं आहे आणि प्रश्न तिथल्या तिथे घालता येतात, पण ते सांभाळायला सर्व्हरची जाण असलेला माणूस लागतो. त्याची बदली झाली की सगळं थांबतं. लाखाच्या घरातलं इंटरॅक्टिव्ह पॅनेल दिसायला छान, आणि ड्रॉइंगला खरंच उपयोगी. पण त्यावर लिहितात निदेशक, मुलं पाहत बसतात, आणि वीस जणांपैकी कोण हरवलं हे त्या पॅनेललाही सांगता येत नाही. एकाच गोष्टीसाठी पैसे मंजूर होणार असतील तर आधी कोलिब्री, एसएसडी आणि चार टॅब मागा.

व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर व्हिडिओ टाकणं सगळीकडे चालतं. मोबाइलची मेमरी भरली की पहिला तोच व्हिडिओ पुसला जातो.

नवी बॅच येताना

ऑगस्टमध्ये नवीन मुलं आली की जुन्या वर्गाची नावं तशीच ठेवून वर नवी चढवू नका. नवा वर्ग तयार करा. जुन्या बॅचच्या चाचण्यांचे अहवाल आधी सीएसव्हीत काढून प्राचार्यांच्या कॉम्प्युटरवर आणि एका पेनड्राइव्हवर ठेवा. प्रशिक्षणार्थ्याचं खातं पुसलं की त्याच्या सगळ्या नोंदी जातात. मागच्या वर्षीचे "अवघड प्रश्न" छापून ठेवा. पुढच्या वर्षी कोणता व्हिडिओ पुन्हा काढायचा ते त्यावरून ठरतं, आणि पेपर संपल्यावर बोर्ड मोकळे असतात तेव्हाच चित्रीकरण उरकता येतं.